सीडी कोणत्या हातानं लिहिली? लॅपटॉपवरच्या बर्निंग सॉफ्टवेअरचा छोटा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला ताम्रपट, बखरी, मोडी कागद आठवतात. आजचा विषय त्यामानाने अगदी कालपरवाचा आहे. पण ताम्रपट हातात आल्यावर आपण जे प्रश्न विचारतो, तेच आज एका चकतीला विचारायचे आहेत. हे कोणत्या पद्धतीनं लिहिलं? आणि आज ते वाचता येतं का?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात लग्नाच्या, बारशाच्या, जुन्या फोटोंच्या सीडी पडून आहेत. त्यातली एक लगेच उघडते. तिच्याच शेजारची, त्याच कंपनीची, रिकामी दिसते. आपण म्हणतो, सीडी खराब झाली. कधीकधी ते खरं असतं. पण कधीकधी चकती ठणठणीत असते आणि फरक असतो तो ती लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

थोडं मागं जाऊ. फिलिप्स आणि सोनी यांनी ऑडिओ सीडी बाजारात आणली १९८२ साली. ती कारखान्यात छापली जायची; घरी लिहायची सोय नव्हती. कोऱ्या सीडीचं, म्हणजे सीडी-आरचं मानक १९९० मध्ये आलं. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेनं त्या थरावर खुणा उमटतात, म्हणून त्या कामाला ‘बर्न’ म्हणायची पद्धत पडली. आपल्याकडे मात्र दुकानात सगळे ‘सीडी राइट करून द्या’ असंच म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तो शब्द जास्त नेमका आहे.

आता हे लिहिणं नाजूक काम होतं. मूळ वेग सेकंदाला १५० किलोबाइट. ७४ मिनिटांची सीडी भरायला साधारण ७४ मिनिटं. लेसर एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. कॉम्प्युटरकडून माहिती यायला क्षणभर उशीर झाला, तर चकती वाया. कमी मेमरी आणि संथ हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर हा धोका जास्तच. म्हणून सीडी लिहिताना बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करायचे, स्क्रीनसेव्हरसुद्धा बंद, माऊसला हात लावायचा नाही, असा सोवळ्यातला कारभार असायचा. बिघडलेल्या चकत्या मग शेतात पाखरं हाकायला टांगल्या जायच्या. २००० साली सान्योनं बर्न-प्रूफ नावाचं तंत्र आणलं. त्यामुळे ड्राइव्हला मध्येच थांबून पुन्हा तिथूनच पुढे लिहिता येऊ लागलं, आणि हा धाक संपला.

धाक संपला तशी निवड वाढली. जर्मनीतल्या अहेड सॉफ्टवेअरचं ‘नीरो बर्निंग रॉम’ १९९७ पासून होतंच. नावात कोटी आहे बघा: जळतं रोम आणि सीडी-रॉम! त्याच्या चिन्हात कोलोसियम जळताना दाखवलं होतं. इतिहासाच्या श्रोत्यांनी इथे हसायला हरकत नाही, कारण रोमची ती आग इसवी सन ६४ मधली, आणि कोलोसियमचं बांधकाम सुरू झालं ते नीरो मेल्यानंतर. दुसरीकडे अमेरिकेत अ‍ॅडॅप्टेकचं, पुढे रॉक्सिओचं, ‘ईझी सीडी क्रिएटर’ होतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्यात सीडी लिहिण्याची साधी सोय आयती मिळाली. तिच्यामागचं तंत्र रॉक्सिओचंच होतं. त्याच वर्षी अ‍ॅपलनं आयट्यून्समधून गाण्यांची सीडी करण्याची मोठी जाहिरात केली.

लिनक्सवाल्यांचा मार्ग वेगळा. जर्मनीतल्या यॉर्ग शिलिंग यांचा ‘सीडीरेकॉर्ड’ हा प्रोग्रॅम आज्ञा टाइप करून चालवायचा. के३बी किंवा ब्रसेरो ही त्यावरची देखणी दर्शनी बाजू. आत काम करणारा हात बहुधा सीडीरेकॉर्डचाच. २००६ मध्ये त्याच्या परवान्यावरून वाद झाला आणि डेबियननं त्यातून ‘वोडिम’ नावाची वेगळी शाखा काढली. म्हणजे के३बी की ब्रसेरो यावर लोक हिरिरीनं बोलत होते, तेव्हा आतला कारागीर भलत्याच कारणानं बदलत होता.

आणि इथेच आजच्या व्याख्यानाचा मुद्दा येतो. लोक सॉफ्टवेअर निवडताना काय पाहायचे? फुकट आहे का, वेग किती, दिसायला सोपं आहे का. पण खरी निवड होती लिहिण्याच्या पद्धतीची. ती दोन-तीन छोट्या खुणांमध्ये दडलेली असायची.

पहिली खूण, फाइल व्यवस्थेची. आयएसओ ९६६० हे १९८८ चं मानक. त्याच्या सर्वांत साध्या पातळीवर नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरं, तीही रोमनच. मायक्रोसॉफ्टनं त्यावर ‘जोलिएट’ ही जोड दिली आणि ६४ अक्षरांपर्यंतची, युनिकोडमधली नावं चालू लागली. म्हणजे ‘आजीचा पंच्याहत्तरावा वाढदिवस’ असं देवनागरी नाव टिकायचं, पण जोलिएटची खूण केलेली असेल तरच.

दुसरी खूण, सीडी पेनड्राइव्हसारखी वापरण्याची. डायरेक्टसीडी, इनसीडी असे प्रोग्रॅम फाइल ओढून टाकली की लगेच लिहायचे. फार सोयीचं! पण त्यासाठी यूडीएफ ही निराळी मांडणी लागायची. ती ओळखणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की चकती उघडायचीच नाही. विंडोज ७ तर हा प्रश्न उघडच विचारतं: ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ की ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’? घाईत पहिला पर्याय निवडला गेला, की दिवाणखान्यातला प्लेअर रुसलाच म्हणून समजा.

तिसरी खूण, डिस्क ‘बंद’ करण्याची. पुढे आणखी भरता यावं म्हणून बरेच जण ती उघडी ठेवायचे. अशी चकती लिहिणाऱ्या ड्राइव्हला कळते, इतरांना कळेलच असं नाही. गाण्यांच्या बाबतीतही तेच. एकेक ट्रॅक सुटा लिहिला, तर मध्ये दोन सेकंदांची शांतता येते. सिनेमाच्या गाण्यांना चालतं. पण सलग मैफलीचे भाग पाडले असतील, तर ऐन तानेत खंड पडतो. अख्खी डिस्क एका दमात लिहिली तर पडत नाही.

हे सगळं घडत असताना आपला देशही यात होताच. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर ही कंपनी कोऱ्या चकत्यांच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून विसर्जनाकडे गेली. तोवर लॅपटॉपही बदलले होते. २००८ चा मॅकबुक एअर डिस्क ड्राइव्हशिवायच आला, आणि पुढे बहुतेक लॅपटॉपमधून ती फट नाहीशी झाली.

म्हणून मंडळी, कपाटातली न उघडणारी सीडी लगेच टाकून देऊ नका. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह आजही मिळतो. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. जमलं तर जुन्या, लिहिणाऱ्या ड्राइव्हवरही पाहा. उघडली, की आधी संपूर्ण चकतीची प्रत हार्ड डिस्कवर घ्या, ती उघडून तपासा आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. हे लवकर करायला हवं, कारण रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेनं उतरतो. आणि आजही काही नवं लिहायचंच असेल, तर प्रोग्रॅम कुठलाही घ्या. मांडणी सर्वमान्य ठेवा, डिस्क बंद करा आणि लिहून झाल्यावर पडताळणीची खूण करा. मोडी लिपी वाचणारे कमी झाले, म्हणून कागद कोरे झाले नाहीत. या चकत्यांचंही तसंच आहे. मात्र कागदाइतकी वाट त्या पाहणार नाहीत.