बेकनचं बंड : १६७६ सालची व्हर्जिनिया

अमेरिकेतलं बंड म्हटलं की आपल्याला १७७६ आठवतं. पण त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी, १६७६ साली, इथे व्हर्जिनियात इंग्रज वसाहतवाल्यांनी आपल्याच इंग्रज गव्हर्नरविरुद्ध हत्यार उपसलं आणि राजधानी जेम्सटाउन जाळून टाकली. (तिकडे रायगडावरच्या राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) या बंडाला 'बेकनचं बंड' म्हणतात. इथे राहायला लागल्यापासून मी त्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलोय, आणि दर वेळी बेकन मला आधीपेक्षा कमी आवडलाय.

आधी परिस्थिती बघू. व्हर्जिनिया म्हणजे तंबाखू. दुसरं काही नाहीच. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे हा तंबाखू फक्त इंग्लंडच्या बाजारातच पाठवायचा, त्यामुळे भाव पडलेले. मळ्यांवर राबायला इंग्लंडमधून गरीब पोरं यायची. जहाजाचं भाडं मालकाने भरायचं आणि त्या बदल्यात याने चार ते सात वर्षं फुकट राबायचं. आपल्याकडच्या गिरमिटियांचीच ही जुनी आवृत्ती म्हणा ना! त्यात मेख अशी की आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन मिळायची, पण ती भाडं भरणाऱ्याला. गडी सुटेपर्यंत नदीकाठची चांगली जमीन बड्या मळेवाल्यांनी गिळलेली असायची. मग हा सुटा गडी बंदूक घेऊन सरहद्दीकडे सरकायचा, आणि तिथे मूळ रहिवासी टोळ्यांशी गाठ पडायची.

वर कर डोईमागे. हजार एकरवाल्याला डोईमागे जेवढा, तेवढाच कफल्लकाला. १६७० मध्ये मताचा हक्क घरदार-जमीनवाल्यांपुरताच ठेवला गेला. तसाही त्याचा उपयोग काय होता? गव्हर्नर सर विल्यम बर्कली यांनी १६६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नवी निवडणूकच घेतली नव्हती. जे मर्जीतले निवडून आले होते, तेच वर्षानुवर्षं बसून होते.

ठिणगी मात्र डुकरांवरून पडली. १६७५ च्या जुलैत एका मळेवाल्याने डोएग टोळीच्या मालाचे पैसे बुडवले, म्हणून त्यांनी त्याची डुकरं पळवली. त्यात खून पडले. सूड घ्यायला निघालेले गोरे नदी ओलांडून मेरीलँडमध्ये घुसले आणि डोएगांबरोबर सस्क्वेहॅनॉक टोळीचे लोकही मारून बसले, ज्यांचा या भांडणाशी संबंधच नव्हता. पुढे बोलणी करायला बाहेर आलेले त्यांचे प्रमुखही मारले. मग काय, सरहद्दीवर खरंच युद्ध पेटलं.

बर्कलींनी किल्ले बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी नवा कर बसवला. तह केलेल्या टोळ्यांवर हल्ला करायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांचा आणि त्यांच्या मित्रांचा बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार या टोळ्यांशी चाले, हे खरंच. पण उत्तरेला न्यू इंग्लंडमध्ये तेव्हा वसाहतवाले आणि टोळ्यांचं भीषण युद्ध चालू होतं, तसं इथे नको, ही त्यांची भीतीही खरी होती.

इथे नॅथॅनिएल बेकन येतो. वय २९, केंब्रिजला शिकलेला, श्रीमंत घरचा, बर्कलींच्या बायकोचाच नातेवाईक. १६७४ ला आला आणि लगेच गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात बसला. म्हणजे गरिबांचा पुढारी स्वतः गरीब मुळीच नव्हता. टोळ्यांनी त्याच्या मळ्यावरचा मुकादम मारला होता. त्याची मागणी एकच, मला फौज उभी करायचा परवाना द्या. तो मिळाला नाही, तर हा बिनपरवान्याने निघाला. रोआनोक नदीवरच्या ऑकानीची टोळीने त्याच्यासाठी सस्क्वेहॅनॉक पकडून दिले. पठ्ठ्याने नंतर त्या ऑकानीचींचीच कत्तल केली!

या पराक्रमावर लोक खूश झाले आणि जूनमध्ये त्याला सभागृहात निवडून दिलं. त्याला अटक झाली, माफी मिळाली, आणि काही दिवसांत तो पाचशे माणसं घेऊन राजधानीत परत आला. म्हाताऱ्या बर्कलींनी छाती उघडी करून 'घाल गोळी' म्हटलं, असं सांगतात. शेवटी बंदुकांच्या धाकाने परवाना मिळाला. या जूनच्या सभागृहाने सगळ्या स्वतंत्र पुरुषांना मताचा हक्क परत दिला, आणि त्याच बैठकीत युद्धात पकडलेले टोळीवाले जन्मभर गुलाम समजावेत असाही कायदा केला. बेकनचं कौतुक करणारी पुस्तकं पहिला कायदा सांगतात आणि दुसरा गाळतात. १९४० मध्ये एका इतिहासकाराने तर त्याला क्रांतीचा मशालजी म्हटलं होतं.

पामंकी टोळीची राणी कॉकाकोएस्की हिलाही त्या सुमारास बोलावून माणसं मागितली गेली. तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी इंग्रजांच्या बाजूने लढताना मेला होता, आणि बदल्यात काही मिळालं नव्हतं. तिने भर बैठकीत नवऱ्याच्या नावाचा टाहो फोडला. दोनतीन महिन्यांत बेकन तिच्याच लोकांवर चालून गेला, आणि ती जीव वाचवायला दलदलीत पळाली.

पुढचं भराभर सांगतो. बेकनने दोन्हीकडच्या गड्यांना आणि गुलामांना हाक दिली, गव्हर्नरच्या बाजूच्या मालकांना सोडून या, मुक्त व्हा. त्यांच्या जोरावर १९ सप्टेंबरला जेम्सटाउन पेटलं. २६ ऑक्टोबरला बेकन हगवणीने मेला. प्रेत कुठे पुरलं ते कधीच कळलं नाही. बर्कलींनी २३ जणांना फाशी दिलं. राजाने हजारावर सैनिक पाठवले, बर्कलींना परत बोलावलं, आणि ते १६७७ च्या जुलैत राजाची भेट न होताच लंडनमध्ये वारले.

मला मात्र शेवटची एक तुकडी विसरता येत नाही. पुढारी मेल्यावरही चारशेच्या आसपास माणसं हत्यारं धरून होती. एका जहाजाच्या कप्तानाने गोड बोलून बहुतेकांची हत्यारं काढून घेतली. शंभर जण तेवढे तयार झाले नाहीत, ८० काळे आणि २० इंग्रज. बेकनला काय हवं होतं ते सोडा, या शंभरांना काय हवं होतं ते उघड आहे.

मळेवाल्यांना हा आकडा चांगलाच झोंबला असणार. १९७५ मध्ये एडमंड मॉर्गन या इतिहासकाराने मांडलं की गरीब गोरे आणि काळे एकत्र येतात या धास्तीतूनच पुढे वर्णभेद पक्का केला गेला. मला हे अर्धं पटतं. आईवरून मुलाची गुलामी ठरवणारा कायदा १६६२ चा, म्हणजे बंडाच्या आधीचा. शिवाय इंग्लंडमधून गडी येणं कमी झालं आणि आफ्रिकेतून जहाजं वाढली, हा हिशेब बंडाशिवायही चालूच होता. पण कायद्यांचा क्रम बघा. १६८० मध्ये काळ्यांना काठी, तलवार, बंदूक बाळगायला बंदी. १६९१ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी. १७०५ मध्ये गुलामांची गुरंढोरंही जप्त, आणि त्याच कायद्यात मुदत संपलेल्या गोऱ्या गड्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक.

कॉकाकोएस्कीने १६७७ च्या मे महिन्यात इंग्रजांशी तह केला. त्यातल्या खंडणीच्या कलमाप्रमाणे पामंकी आणि मॅटापोनाय टोळ्यांचे लोक अजूनही दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास रिचमंडला येतात आणि मारलेलं हरीण गव्हर्नरच्या दाराशी ठेवतात.