उद्भासन, चित्रपटीय
कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर इष्ट प्रमाणात प्रकाश पाडण्याच्या क्रियेस उद्भासन म्हणतात. अल्प भांडवलाच्या चित्रपटनिर्मितीत हा प्रश्न आरंभापासून निर्णायक ठरला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला. तत्कालीन फिल्म मंदसंवेदी असल्याने राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचे दादर येथील चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशावर विसंबून करावे लागले.

ब्लॅकमॅजिक कंपनीने २०१३ साली ९९५ डॉलर किंमतीचा लहान अंकीय चित्रपट-कॅमेरा जाहीर केला. अशा साधनांमुळे ठाणे, कल्याण व डोंबिवली यांसारख्या उपनगरांतील रात्रीचे रस्ते व गल्ल्या मोठ्या दिव्यांवाचून चित्रित करणे हौशी निर्मात्यांच्याही आवाक्यात आले. तथापि प्रकाश अपुरा पडल्यास चित्राच्या गडद भागांत चंचल दाणे उमटतात व पुन्हा न घेता येणारे दृश्य वाया जाते. कॅमेऱ्याचा आयएसओ अंक वाढविल्याने प्रकाश वाढत नाही. संकेताबरोबर दाणेही ठळक होतात. याउलट भिंगाचे छिद्र एफ/२·८ वरून एफ/१·४ पर्यंत उघडल्यास चौपट प्रकाश मिळतो आणि संकेत व प्रकाशजन्य दाणे यांचे गुणोत्तर दुप्पट होते. म्हणून उजळ भागांतील तपशील नष्ट होणार नाही, इतपत भरपूर उद्भासन करून छटा संपादनात गडद करणे हितावह असते. भारतातील वीजप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी उद्भासनकाल १/५० सेकंद ठेवतात.