दुरुस्तीच्या जोरावर धावलेला विदर्भ

नागपूरच्या रस्त्यांचा विषय निघाला की डिसेंबर 1943 मधली मुख्य अभियंत्यांची परिषद हमखास आठवते. महायुद्ध चालू असताना प्रांतोप्रांतीचे अभियंते या शहरात जमले आणि त्यांनी देशासाठी 20 वर्षांचा रस्तेविकासाचा कार्यक्रम आखला. तो आजही स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘नागपूर आराखडा’ या नावाने शिकवला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही उतरंड त्यातूनच रुजली. विकसित शेतीच्या टापूत कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट होते. या कामाचे श्रेय नागपूरला मिळायलाच हवे. मात्र आराखडा रस्त्यांचा होता. त्या रस्त्यांवरून सामान्य माणूस कशात बसून जाणार, या प्रश्नाचे उत्तर गॅरेजांत आणि कार्यशाळांत घडत होते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत प्रवास पोचला तो मूळ रूप बदलून घेतलेल्या, वाटेत बंद पडणाऱ्या आणि त्याच वाटेवर पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांमुळे. म्हणूनच दुरुस्तीच्या ज्ञानाला वाहतुकीच्या इतिहासात रस्त्याच्या बरोबरीचे स्थान द्यावे लागते.

परिषद भरली त्या दिवसांतल्या गाड्याच पाहा. 1941 पासून पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभरातल्या कित्येक मोटारगाड्या कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या. गाडीला लोखंडी भट्टी जोडायची, लोणारी कोळसा पेटवायचा, अपुऱ्या हवेत तो जाळून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाळून-थंड करून इंजिनात सोडायचा, अशी ती रचना. भट्टी तापेपर्यंत गाडी हलत नसे. पेट्रोलच्या मानाने इंजिनाची ताकद बरीच उतरे, गाळण्या राखेने भरत आणि चढावर दम निघे. गैरसोय खरीच होती. पण आयात इंधनासाठी परदेशात बनलेले इंजिन जंगलातल्या लाकडाच्या कोळशावर चालवून दाखवणे हे मोठे तांत्रिक काम होते, आणि ते पार पाडणाऱ्यांत पदवीधर थोडे, हाताने शिकलेले मिस्त्री अधिक होते. प्रवासी बस हे त्या काळी बाजारात तयार मिळणारे यंत्र नव्हतेच, ते इथल्या परिस्थितीप्रमाणे घडवून घ्यावे लागत होते.

स्वातंत्र्यानंतरही हेच चालू राहिले. 1954 पासून टाटांनी जर्मन सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, दक्षिणेत लेलँडच्या चासी तयार होऊ लागल्या, आणि ओझ्यासाठी आखलेल्या अशा चासींवर देशभर बसच्या बॉड्या चढल्या. उंच पायऱ्या, चालकाशेजारी धडधडणारे इंजिन आणि पाठीला हादरे देणारे पाटे ही सारी त्या ट्रकची देणगी. विदर्भात मात्र हाच कणखरपणा कामाला आला. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता वर्षागणिक खचतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपार गेला की रेडिएटर उकळू लागतो. पावसाळ्यात नाल्याचा रपटा पाण्याखाली जातो. अशा मुलखात कधीच बंद न पडणारी गाडी मिळणे शक्य नव्हते. मिळू शकत होती ती उघडता येणारी, तुटलेला पाटा गावच्या लोहाराला समजेल अशी, दुसऱ्या गाडीचा सुटा भाग चालवून घेणारी गाडी. लग्नाची वऱ्हाडे, शेगाव-माहूरच्या वाऱ्या, नागपंचमीच्या सुमारास पचमढीकडे निघणारी नागद्वारची यात्रा, हे सगळे अशाच गाड्यांच्या भरवशावर झाले.

यावर एक आक्षेप असा की लोकांना सुरळीत सेवा मिळाली ती सरकारी संघटनेमुळे, जुगाडामुळे नव्हे. त्यात तथ्य आहे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली आणि 1961 मध्ये विदर्भातली प्रांतिक वाहतूक सेवा महाराष्ट्राच्या महामंडळात आली. वेळापत्रक, ठरलेले भाडे आणि आडगावची तोट्यातली फेरी हे सारे तिनेच दिले. पण एसटीचे बळ कशात होते? दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा या तिच्या मध्यवर्ती कार्यशाळांत, आणि आगाराआगारातल्या यांत्रिकी कर्मचाऱ्यांत. गॅरेजमध्ये विखुरलेल्या कौशल्याला तिने पगार, मोजमाप आणि जबाबदारी दिली. अलीकडच्या काळात ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून त्याच चासींवर पोलादी बॉड्या चढवल्या गेल्या. 2020 च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते, तेव्हा जुन्या बसगाड्यांची आसने काढून त्या मालवाहतुकीला जुंपल्या. गाडीचे रूप बदलण्याची कला संस्थेच्या आतही जिवंत होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुन्या, बदललेल्या गाड्यांचे कौतुक म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. 1 जुलै 2023 रोजी नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ अपघात होऊन आग लागली आणि 25 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर बसमधून बाहेर पडण्याच्या वाटांचा प्रश्न ऐरणीवर येणे योग्यच होते. बॉडी बांधण्याला कडक नियम हवेत, आयुष्य संपलेली गाडी रस्त्यावरून हटवायलाच हवी. 15 वर्षांपुढच्या सरकारी बसगाड्या एप्रिल 2023 पासून बाद करण्याचा नियम मला मान्य आहे. मात्र नवेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे. ब्रेक, टायर, वायरिंग आणि आपत्कालीन दार नीट आहे की नाही, हे रोज कोणीतरी जाणत्या हाताने तपासावे लागते. दुरुस्तीचे ज्ञान आटले तर सुरक्षिततेचा पहिला राखणदारच जातो.

हा मुद्दा आज तातडीचा आहे. एसटीत विजेच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर येत आहेत आणि त्यांची देखभाल पुरवठादाराकडे असते. धुरापासून सुटका हा मोठा लाभ आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु भामरागडच्या वाटेवर गाडी थांबली तर ती उघडण्याचा अधिकार आणि प्रशिक्षण जवळच्या आगाराकडे असले पाहिजे, आणि करारात तसे लिहिले गेले पाहिजे. हिंगण्याच्या कार्यशाळेला बॅटरी आणि मोटर शिकवावी. जुन्या कारागिरांची कामाची पद्धत त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवावी. नागपूरने देशाला रस्त्यांचा आराखडा दिला; आता इथल्याच कार्यशाळांनी देखभालीचाही आराखडा द्यावा, कारण रस्ता गावापर्यंत पोचला तरी गाडी तिथवर रोज जात राहते ती देखभालीमुळेच.