अपंग कर्मचारी आणि न्यायाधिकरणातील सुनावणी : औसा तालुक्याच्या संदर्भात

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने औसा तालुक्यापुढे मृतांच्या शोकाबरोबरच कायमच्या अपंगत्वाचा प्रश्नही उभा केला. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याच्या सेवेचे काय, याविषयी तत्कालीन कायदा उदासीन होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर सततच्या अनारोग्यामुळे झालेली सेवासमाप्ती कामगार-कपातीत गणली जात नसे.

हे चित्र १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने बदलले. कलम ४७ नुसार शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्यास सेवेत अपंगत्व आल्यास त्याला काढता येत नव्हते. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद आणि तेही नसल्यास अधिसंख्य पद देणे भाग होते. अशक्तता-निवृत्तिवेतन दिल्याने हे संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग प्रकरणात स्पष्ट केले.

परंतु हा हक्क मागायचा कोठे? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी १९९१ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले. मराठवाड्यासाठीचे खंडपीठ औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर), म्हणजे औशाहून अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक दूर. पाय गमावलेल्या कर्मचाऱ्याला एका तारखेसाठी सोबतीला माणूस, एस.टी.चा प्रवास आणि बहुधा मुक्काम. तारीख पुढे ढकलली की पुन्हा तेच. त्याच कायद्याचे कलम ४६ सार्वजनिक इमारतींत उतरता मार्ग बांधण्यास सांगत होते, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. सुनावणी कशी घ्यावी याविषयी मात्र त्यात अक्षरही नव्हते.

वास्तविक जुन्या कायद्यांना ही दृष्टी अगदीच नव्हती असे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने बोलू न शकणाऱ्याची साक्ष लेखनाने वा खुणांनी ग्राह्य धरली होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने आजारी वा अशक्त व्यक्तीची साक्ष आयुक्तामार्फत नोंदविण्याची सोय केली होती. या दोन्ही सवलती साक्षीसाठी होत्या आणि साक्ष ही न्यायालयाची गरज होती. स्वतःची दाद मागणारा अपंग पक्षकार कायद्याच्या नजरेत फार उशिरा आला.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या अनुच्छेद १३ मध्ये न्यायप्रक्रियेतील सोयींचा उल्लेख आहे. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोय’ या संज्ञेची व्याख्या झाली आणि कलम १२ ने न्यायालयांबरोबर न्यायाधिकरणांचाही स्पष्ट समावेश केला. पसंतीच्या भाषेत व संवादपद्धतीने म्हणणे नोंदविण्याची साधने पुरविणे शासनाची जबाबदारी ठरली. तथापि औशाच्या कर्मचाऱ्याची अडचण इमारतीच्या पायऱ्यांपूर्वीच सुरू होते. त्याच्यापुरती दूरदृश्य सुनावणी हीदेखील वाजवी सोयच मानावी लागेल.