आकड्यावरचा विश्वास : वरळीच्या मडक्यापासून ब्लॉकचेनच्या पोकरपर्यंत

माझे एक चुलते परळच्या गिरणीत साचेवाले होते. गणपतीला कोल्हापुरात आले की संध्याकाळी पापाच्या तिकटीकडे चक्कर मारून 'ओपन काय आला?' हे विचारून येत. पगार आकड्यात घालवतोस म्हणून आजी बोलायची. त्यावर त्यांचे एकच उत्तर असे, "आकडा खोटा नसतो, आई." धंदा बेकायदा, फसवणूक झाली तर पोलिसांकडे जायची सोय नाही, तरीही हा विश्वास कशाच्या जोरावर उभा होता?

उत्तर मटक्याच्या जन्मकथेत आहे. त्याआधी मुंबईत न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या भावांवर पैसे लावले जात. उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येई. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. हा भाव ना खेळणाऱ्याच्या हातात, ना बुकीच्या. 1961 मध्ये हे भाव येणे थांबले आणि आकडा आणायचा कुठून, असा प्रश्न उभा राहिला. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक धरायचा. 3, 5, 6 आले तर बेरीज 14, म्हणून ओपन 4. नंतर 2, 8, 8 आले तर बेरीज 18, म्हणून क्लोज 8. जोडी झाली 48.

न्यूयॉर्क कुणाच्या हाताला लागणारे नव्हते. मडके मात्र चालवणाऱ्याच्या मांडीशी होते. त्यामुळे पत्ते चारचौघांसमक्ष काढावे लागले. खत्री हजर माणसालाच पत्ते काढायला लावत, असे त्या काळचे लोक सांगतात. एकदा संशय आला की दुसऱ्या दिवशी पैसे कोण लावणार?

संगणकावरच्या पोकरमध्ये ही चारचौघांची साक्ष गेली. 52 पत्ते जितक्या प्रकारे लागू शकतात ती संख्या 68 अंकी आहे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या काही सुरक्षातज्ज्ञांनी एक प्रचलित सॉफ्टवेअर तपासले, तर ते संगणकाच्या घड्याळाच्या आधाराने पत्ते पिसत होते. पाच पत्ते कळले की उरलेला डाव त्यांना ओळखता आला. 2007-08 मध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट पोकर' आणि 'अल्टिमेट बेट' या संकेतस्थळांवर आतल्या माणसांना सगळ्यांचे पत्ते दिसत असल्याचे उघड झाले. ते हुडकले खेळाडूंनीच, जुन्या डावांच्या नोंदी चाळून.

यावर गणिताचा उपाय जुनाच आहे. वाटणारा माणूस नसताना पत्ते कसे वाटावेत, हे शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन यांनी 1979 मध्येच मांडले होते. ब्लॉकचेनवरच्या पोकरचे बरेच प्रकार त्याच वाटेने जातात. पिसलेल्या गड्डीचा गणिती ठसा डावाआधीच एका सार्वजनिक वहीत नोंदवतात. पिसण्यात प्रत्येक खेळाडूची एक गुप्त संख्या मिसळलेली असते. डाव संपल्यावर कुणीही पडताळा घ्यावा. त्या वहीचे पान मागाहून फाडता येत नाही. चारचौघांची साक्ष अशी परत आली.

पण एकाच टेबलावरचे दोघे फोनवरून एकमेकांना पत्ते सांगत असतील, तर ते या वहीला दिसत नाही. शिवाय पत्ते खरे असले म्हणजे खेळणाऱ्याच्या पदरात पडते असे नाही. मटक्यात आकडे दहा, पण एकेरी आकड्याला मिळत साधारण नऊपट. म्हणजे मडके कितीही सचोटीचे असो, लावलेल्या शंभरातले दहा सरासरीने चालवणाऱ्याकडेच राहत. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी खेळतात, तरी चालवणारा डावागणिक आपली नाल काढतोच. ही रीतही जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला द्यूताध्यक्ष शुद्ध फासे पुरवतो, फासे बदलणाऱ्याला 12 पण दंड करतो आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद ठेवला नाही. पत्ते नीट पिसले होते का, हा त्या कायद्यापुढचा प्रश्नच नव्हता. घरातला पैसा जातो, हा होता.

1982 च्या संपानंतर चुलते कायमचे कोल्हापुरात आले. वीस वर्षांच्या नोकरीतून हाती काही उरले नव्हते. आकडा खोटा होता, असे मात्र ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. आणि ते खरेच होते. दहाला नऊ हा हिशोब तेवढा त्यांना कुणी मांडून दाखवला नाही.