पृथ्वीला फिरवतं कोण?

उत्तर सोपं आहे: कोणीच नाही. पण ते सापडायला फार वेळ लागला. ‘इनर्शिया’ हा शब्द भौतिकशास्त्रात आणला केप्लरने, आणि तोही आजच्या अर्थाने नव्हे! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस. वस्तू आळशी असते, ढकलणं थांबलं की जागच्या जागी थांबते, असं त्याचं म्हणणं. म्हणून ग्रहांना सतत ढकलायचं काम त्याने सूर्याकडे दिलं.

१६८७ साली न्यूटनने शब्द तोच ठेवला, अर्थ मात्र उलटवला. वस्तू थांबायलाही आळशी असते! पहिल्या नियमाखाली त्याने दिलेलं एक उदाहरण बघा: भोवरा. (शाळेच्या पुस्तकात बस आणि ब्रेक असतो, भोवरा नसतो. का, कोण जाणे.) भोवऱ्याचा प्रत्येक कण सरळ निघून जायला बघतो, लाकूड त्याला धरून ठेवतं, म्हणून तो गोल फिरतो. हवा अडवते तेवढाच भोवरा मंदावतो. ग्रह प्रचंड आणि अवकाशात अडथळा नगण्य, त्यामुळे त्यांची गती फार काळ टिकते.

‘फार काळ’ म्हणजे कायम नव्हे, हे लक्षात घ्या. १७५४ मध्ये कांटने लिहिलं की भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावत असणार. तत्त्वज्ञ कांट, हो, तोच! पण पुरावा कुठे होता?

तो बॅबिलोनच्या मातीच्या फलकांवर होता. इ.स.पू. १३६ मध्ये, १५ एप्रिलला, तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं. दिवसाढवळ्या दिसलेल्या ग्रहांची नोंदसुद्धा आहे. आता आजच्याच वेगाने पृथ्वी उलटी फिरवत हिशेब मांडला, तर सावली बॅबिलोनवर पडतच नाही. ती सुमारे ४९ अंश पश्चिमेला, स्पेनजवळच्या मायोर्का बेटाकडे जाते. म्हणजे पृथ्वीच्या घड्याळात सव्वातीन तासांचा फरक! दिवस शतकामागे जेमतेम दोन मिलिसेकंदांनी लांबतो, पण रोजचा तो चिमूटभर फरक दोन हजार वर्षं साठत गेला की एवढा होतो.

आणखी मागे जायचं तर १९६३ मध्ये जॉन वेल्सने जीवाश्म प्रवाळांवरच्या वाढीच्या बारीक रेघा मोजल्या. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या प्रवाळांत एका वर्षात जवळपास ४०० रेघा निघाल्या. वर्ष तेवढंच होतं, दिवस मात्र २२ तासांचा.