गुन्हेगारीची कारणमीमांसा आणि ‘गुन्हेगार जमाती’ : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रास्ताविक

मनुष्य गुन्हा का करतो, या प्रश्नाची उत्तरे आपल्या अभ्यासक्रमात एका ठरावीक क्रमाने येतात. १७६४ साली बेकारियाने गुन्हा हा विचारपूर्वक केलेल्या निवडीचा परिणाम मानला. १८७६ साली लोम्ब्रोसोने ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली. पुढे मर्टन, सदरलँड आणि बेकर यांनी समाजरचना, सहवास व शिक्का या दिशांनी विवेचन केले. या सर्व सिद्धांतांची उदाहरणे मात्र तुरीनच्या तुरुंगातून नाही तर शिकागोच्या वस्त्यांमधून दिली जातात. वास्तविक महाराष्ट्राच्या इतिहासात असे एक उदाहरण आहे की, जेथे शासनाने गुन्हेगारीविषयीच्या एका सिद्धांताला कायद्याचे रूप देऊन तो दीर्घकाळ लक्षावधी माणसांवर चालविला. प्रस्तुत लेखात त्याचीच चिकित्सा करावयाची आहे.

१८७१ चा कायदा व त्यामागील सिद्धांत

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायद्याचे विधेयक मांडले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : या देशात जातीनुसार धंदा ठरतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, त्याच न्यायाने पिढीजात गुन्हा करणाऱ्या जातीही असणारच. हा कायदा लोम्ब्रोसोच्या विचारातून जन्मला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु लोम्ब्रोसोचा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाला. स्टीफन यांचा आधार कवटीच्या मोजमापाचा नसून जातिव्यवस्थेविषयीच्या वसाहतवादी आकलनाचा होता. हा भेद महत्त्वाचा अशासाठी की, त्या आकलनाला एतद्देशीय उच्चवर्णीय समाजातूनही सहज मान्यता मिळाली.

एखादी जमात अधिसूचित झाली की त्या अधिसूचनेच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना हे सर्व ओघाने आले. प्रारंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यासही लागू होऊ शकेल असा विस्तारण्यात आला व १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. तत्पूर्वी १९०८ मध्ये मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’विषयी एक पुस्तक तयार केले होते. त्यात जमातवार वेष, बोली आणि गुन्ह्याच्या पद्धती नोंदविल्या आहेत. तपासाचे साधन म्हणून लिहिलेले हे पुस्तक पुढे पुराव्याचेच काम करू लागले.

बंजारा समाजाचे उदाहरण

आपल्या परिसरापुरता विचार करावयाचा तर बंजारा समाजाकडे पाहावे लागते. छत्रपती संभाजीनगरपासून फारशा दूर नसलेल्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने मराठ्यांच्या फौजेविरुद्ध लढाई जिंकली. त्या मोहिमेत इंग्रज सैन्याला धान्य पुरविणाऱ्यांत बंजाऱ्यांचे तांडे होते. मोगल सैन्यांचीही त्यांनी अशीच वाहतूक केली होती. म्हणजे ज्यांच्या बैलांवर साम्राज्ये पोसली गेली, त्यांचीच गणना पुढील शतकात संशयितांत झाली. दरम्यान पक्के रस्ते झाले, मिठाच्या व्यापारावर सरकारी नियंत्रण आले आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. लमाणी वाहतुकीचा धंदा बसला.

बाँगरने १९०५ साली आर्थिक परिस्थितीवर, तर मर्टनने १९३८ साली उद्दिष्टे व साधने यांतील विसंगतीवर भर दिला. ही दोन्ही विवेचने येथे बरीच लागू पडतात. तथापि त्यांना मर्यादा आहेत. धंदा गेलेले बहुसंख्य लोक शेती, पशुपालन व मजुरीकडे वळले. काही जण दरोड्याकडे का वळले, हे आर्थिक सिद्धांत सांगू शकतो; अख्खा तांडा यादीत का गेला, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी यादी करणाऱ्याकडेच पाहावे लागते.

सोलापूरची वसाहत

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापूर येथे गुन्हेगार जमातींची वसाहत उभी राहिली. तारेच्या कुंपणातील या लोकांना कापड गिरण्यांत कामास लावण्यात आले. या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे होत. पुढे १९२८ साली नेमलेल्या ज्या समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते, तिचे अध्यक्ष तेच होते. या प्रयोगातील अंतर्विरोध फारसा कोणी लक्षात घेतलेला नाही. कायद्याचे गृहीतक असे की, गुन्हा जन्माने येतो. वसाहतीचे गृहीतक असे की, काम, शाळा व शिस्त मिळाल्यास तो जातो. दुसरे खरे असेल तर पहिल्याला आधारच उरत नाही. तरीही गिरणीत नियमित पाळी करणाऱ्या कामगारालाही हजेरीतून सहजासहजी सुटका नव्हती. गिरण्यांना स्वस्त मजूर मिळत होते, हे येथे विसरता येत नाही.

‘उचल्या’ची साक्ष

लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मराठी विभागात ते साहित्य म्हणून शिकविले जाते. समाजशास्त्र विभागात ते क्वचितच उघडले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. मुलांना चोरीचे शिक्षण कसे दिले जाते, याचे त्यातील वर्णन सदरलँडच्या सहवास-सिद्धांताचे उत्तम उदाहरण ठरेल. पोलिसांचा मार व त्यांचा वाटा यांची हकिकत १९६३ साली बेकरने मांडलेल्या शिक्क्याच्या सिद्धांताशी जुळते. आणि सूतगिरणीतील नोकरीनंतर लेखकाचे आयुष्य ज्या दिशेने गेले, ते स्टीफन यांच्या युक्तिवादाचे खंडनच होय.

कायद्यानंतर

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. देशपातळीवर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ जमाती असून त्यांत बंजारा, कैकाडी, भामटा, वडार, रामोशी यांचा समावेश आहे. परंतु १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. कागदोपत्री तो व्यक्तीला लागू होतो, जमातीला नव्हे; मात्र पोलीस ठाण्यातील जुन्या नोंदी आणि मनातील जुन्या याद्या एका अधिनियमाने पुसल्या जात नाहीत. रेणके आयोगाने २००८ मध्ये व इदाते आयोगाने २०१८ मध्ये या समाजांच्या स्थितीवर अहवाल दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाविरुद्ध निर्णय देताना अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींतील जातिवाचक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विमुक्त जमातींतील व्यक्तींना सराईत गुन्हेगार समजण्याची त्या नियमावलींतील प्रवृत्तीही न्यायालयाने त्याच निर्णयात तपासली. तेव्हा १८७१ च्या कायद्याला एकशे त्रेपन्न वर्षे होत होती.